दादरचा फाइव्ह-जी प्रोटोकॉल वर्ग : सहा महिन्यांचे रविवार आणि ६५ हजार रुपये

मोबाइल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनमध्ये काही वर्षे काढून डेव्हलपमेंटकडे वळू पाहणाऱ्या अभियंत्यांसाठी दादर पश्चिमेला फाइव्ह-जी प्रोटोकॉलचा, म्हणजे फोन आणि नेटवर्क यांच्यातील संदेशांच्या नियमांचा, एक खासगी वर्ग चालतो. २०२५ च्या जानेवारीपासून जूनअखेरपर्यंत, दर रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन या वेळेत मी तो पूर्ण केला. शुल्क ६५ हजार रुपये होते आणि ते दोन हप्त्यांत भरता आले. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या माझ्या एकटीच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. मात्र अशा कोणत्याही वर्गात पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे हे कळावे, म्हणून वर्ग संपल्यावर काही महिने थांबून आणि तीन मुलाखती देऊन झाल्यावर हे लिहीत आहे.

मी अकरा वर्षे आरएफ (रेडिओ लहरींच्या) ऑप्टिमायझेशनमध्ये होते. या कामाचे स्वरूप बाहेरच्या माणसाला फारसे ठाऊक नसते. गाडीत लॅपटॉप आणि चार-पाच फोन घेऊन ठरलेल्या रस्त्यांवरून फिरायचे, लॉग जमा करायचे, कोठे कॉल तुटला, कोठे वेग पडला ते शोधायचे आणि मग एखाद्या अँटेनाचा टिल्ट (खाली झुकाव) दोन अंशांनी वाढवायचा, एखादा शेजारी सेल (एका अँटेनाचे क्षेत्र) यादीत जोडायचा किंवा हँडओव्हरची, म्हणजे फोन एका सेलवरून दुसऱ्यावर जाण्याची, मर्यादा एखाद्या डेसिबेलने हलवायची. मुंबई या कामाची फार कठीण शाळा आहे. मरीन ड्राइव्हवर उभे राहिले की समोरच्या किनाऱ्यावरच्या सेलचा सिग्नल पाण्यावरून विनाअडथळा येऊन पोहोचतो आणि दोनशे मीटरवरच्या सेलला मागे टाकतो. लोअर परळच्या टॉवरमध्ये चाळिसाव्या मजल्यावर फोनला एकाच वेळी डझनभर सेल दिसतात आणि त्यांतला एकही ठामपणे वरचढ नसतो. हे सारे मी हाताने दुरुस्त केले आहे आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. तरीही अकराव्या वर्षी एक गोष्ट टोचू लागली होती. मी ज्या पॅरामीटरचे आकडे बदलत होते, तो आकडा वाचणारा प्रोग्राम त्याचे पुढे काय करतो हे मला माहीत नव्हते.

दुसरे कारण पोटाचे होते. १९९५ मध्ये बीपीएल मोबाइल म्हणून सुरू झालेली आणि पुढे लूप मोबाइल झालेली कंपनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबईत बंद झाली. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र झाल्या. दोन नेटवर्क एक झाली की टॉवर कमी होतात, आणि टॉवर कमी झाले की त्यांच्याभोवती काम करणारी माणसेही कमी लागतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जीचे उद्घाटन झाले आणि पहिल्या शहरांत मुंबई असल्यामुळे आमच्या हाती भरपूर काम आले. परंतु उभारणीचे काम लाटेसारखे असते. लाट ओसरल्यावर अकरा वर्षे आणि चार वर्षे अनुभव असलेल्या दोघांत कंत्राटदार स्वस्त माणूस निवडतो, हे मी जवळून पाहिले होते.

वर्गाची खरी ताकद पहिल्या दोन महिन्यांत दिसते आणि तिच्याबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते. शिकवणारे सर बरीच वर्षे बेस स्टेशनच्या (टॉवरवरील रेडिओ यंत्रणेच्या) लेयर थ्री, म्हणजे नियंत्रणाचे संदेश हाताळणाऱ्या, सॉफ्टवेअरवर काम करून आलेले आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी एकही स्लाइड दाखवली नाही. प्रत्येकाला मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या संकेतस्थळावरून २३.५०२ हे स्पेसिफिकेशन उतरवून घ्यायला लावले आणि त्यातील ४.२.२.२ हा नोंदणीचा भाग उघडून आकृतीतल्या एकेका बाणावर बोट ठेवायला सांगितले. मोबाइलने नोंदणीची विनंती पाठवली, ती गेली कोणत्या एएमएफकडे (नेटवर्कच्या नोंदणी सांभाळणाऱ्या भागाकडे), तो कोणी निवडला, निवडताना हाती कोणती माहिती होती, ती माहिती मोबाइलने उघडपणे पाठवली की झाकून, अशा प्रश्नांत तीन तास गेले आणि आम्ही सहाव्या बाणाच्या पुढे सरकलो नाही. थ्रीजीपीपी ही जगभरच्या सात मानक संस्थांची भागीदारी आहे आणि त्या सातांत भारताची टीएसडीएसआय आहे. तिची सर्व स्पेसिफिकेशन्स कोणालाही विनामूल्य मिळतात, बैठकांत मांडलेले मसुदेसुद्धा. अकरा वर्षांत मी त्यांतले एकही सलग वाचलेले नव्हते. आमच्या कामात व्हेंडरची पॅरामीटर पुस्तिका पुरत असे.

सर्वांत मोलाचा रविवार एएसएन-वनचा होता. आरआरसीचे, म्हणजे फोन आणि बेस स्टेशन यांच्यातील रेडिओ नियंत्रणाचे, संदेश ज्या भाषेत लिहिलेले असतात ती ही भाषा. ३८.३३१ या आरआरसीच्या स्पेसिफिकेशनच्या शेकडो पानांत ती पसरलेली आहे आणि बहुतेक अभियंते ती पाने ओलांडून पुढे जातात. सरांनी रीकॉन्फिगरेशनचा (फोनची मांडणी बदलण्याचा) एक संदेश फळ्यावर उतरवला आणि त्यातल्या वैकल्पिक घटकांसमोरच्या छोट्या टिपांकडे आमचे लक्ष वेधले. ‘नीड एम’ असेल तर घटक आला नाही तरी मोबाइलने आधीचे मूल्य जपून ठेवायचे. ‘नीड आर’ असेल तर न येणे म्हणजेच जुने मूल्य टाकून देण्याची आज्ञा. ‘नीड एन’ असेल तर तो एकवेळचा निरोप असतो आणि तो आला नाही तर काहीच करायचे नाही. एका अक्षराच्या फरकाने, न पाठवलेल्या गोष्टीचा अर्थ उलटा होतो. मला त्या क्षणी माझ्या जुन्या कामातली एक केस आठवली. हँडओव्हरनंतर फोन काही ठिकाणी जुन्याच मर्यादेने मोजमाप करत राहत असे, आणि आम्ही आठवडाभर अँटेना हलवत बसलो होतो. मेजरमेंटची मांडणी ‘नीड एम’ प्रकारची आहे, हे तेव्हा ठाऊक असते तर पहिल्याच दिवशी लॉगमध्ये बदललेला घटक पाठवला गेला आहे की नाही एवढेच पाहिले असते.

तिसऱ्या महिन्यात सरांनी आम्हाला आपापल्या नोकरीतल्या अडचणी, ग्राहकाची माहिती काढून टाकून, वर्गात मांडायला लावल्या. मी मरीन ड्राइव्हची मांडली. लांबच्या सेलवर अडकलेल्या फोनचा कॉल तुटतो, हे मी ‘ओव्हरशूटिंग’ या एका शब्दात संपवत आले होते. सरांनी तोच प्रसंग संदेशांच्या क्रमाने लिहायला लावला. जवळचा सेल ठरलेल्या फरकाने सरस झाल्यावर फोन ए-थ्री घटनेचा अहवाल पाठवतो. तो पुन:पुन्हा पाठवतो. बेस स्टेशनच्या यादीत तो शेजारी नसल्यामुळे हँडओव्हरची आज्ञा येतच नाही. दरम्यान सिग्नल खालावतो, भौतिक थराकडून ‘आउट ऑफ सिंक’ची सूचना एन-३१० या ठरलेल्या आकड्याइतक्या वेळा सलग आली की टी-३१० हा टायमर सुरू होतो, तो संपेपर्यंत एन-३११ इतक्या ‘इन सिंक’ सूचना सलग मिळाल्या नाहीत की रेडिओ दुवा तुटला असे फोन जाहीर करतो, आणि मग दुवा पुन्हा जोडण्याची धडपड सुरू होते. दुरुस्ती तीच, शेजारी जोडा किंवा टिल्ट वाढवा. परंतु आता मला त्या काही सेकंदांत दोन्ही बाजूंना कोणती स्थिती चालू होती, कोणता टायमर कोणी सुरू केला होता हे सांगता येत होते. डेव्हलपर याच स्थितींचा आणि टायमरचा प्रोग्राम लिहितो. आपल्या जुन्या अनुभवाचे नव्या कामाच्या भाषेत रूपांतर कसे करायचे हे मला त्या दिवशी उमगले, आणि ६५ हजारांपैकी निम्मे तरी तेथेच वसूल झाले असे मी मानते.

प्रयोगशाळेविषयी मत संमिश्र आहे. ओपन-फाइव्ह-जीएस हा मुक्त स्रोत कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) आणि यूईआरएएनसिम हा मोबाइल व बेस स्टेशनचे सोंग घेणारा प्रोग्राम, हे दोन्ही प्रत्येकाच्या लॅपटॉपवर बसवून दिले गेले. एकाच यंत्रात नोंदणी, प्रमाणीकरण, डेटा सत्र हे सारे घडताना वायरशार्क या संदेश दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहता येते, आणि एएमएफ बंद करून किंवा सिमची किल्ली मुद्दाम चुकीची ठेवून नेटवर्क कसे नाही म्हणते तेही पाहता येते. हे दोन्ही कोणालाही घरी फुकट बसवता येते हे खरे, पण पहिल्या वेळी अडले तर शेजारी कोणी असणे मोठे सुखाचे असते. यूईआरएएनसिममध्ये रेडिओचे खालचे थर मात्र नसतात. त्यासाठी एसआरएस-रॅन हा बेस स्टेशनचा मुक्त स्रोत प्रोग्राम शिकवणार असे माहितीपत्रकात होते, आणि त्याकरिता सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओचा बोर्ड चौदा जणांत एकच होता. परवान्याच्या पट्ट्यांत परवान्याविना प्रसारण करणे बेकायदा असल्याने तो केबल आणि अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे साधन) लावून चालवला, हे योग्यच केले. पण माझ्या वाट्याला तो सहा महिन्यांत एकूण पाऊण तास आला. बोर्डाशिवाय, झीरो-एमक्यू या संदेशवहनाच्या लायब्ररीच्या साहाय्याने दोन प्रोग्राम एकमेकांना जोडून हाच सराव करता येतो, हे आम्हाला वर्ग संपता संपता कळले. ते दुसऱ्या महिन्यात सांगायला हवे होते.

आता मोठी उणीव. माहितीपत्रकावर ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे, आणि प्रोग्रामिंगसाठी दिलेले रविवार चार आहेत. सी प्लस प्लसची उजळणी, लिनक्सवरील सॉकेट, एससीटीपी हा संदेश वाहून नेणारा प्रोटोकॉल, थ्रेड आणि शेवटी एक छोटे स्टेट मशिन (स्थितींनुसार चालणारा प्रोग्राम), एवढे सगळे वीस तासांत. ज्यांनी पदवीनंतर दहा वर्षे कोडला हात लावलेला नाही, आणि ऑप्टिमायझेशनमधले आम्ही बहुतेक तसेच, त्यांना यातून उजळणीसुद्धा होत नाही. गृहपाठ तपासला जात नसे. माझा प्रोग्राम चालतो आहे असे मी सांगितले आणि पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले गेले. त्यात मेमरी गळत होती हे मला तीन आठवड्यांनी माझे मीच कळले.

याची किंमत पहिल्याच मुलाखतीत मोजली. बंगळुरूच्या एका कंपनीने मला पीडीसीपी या, पॅकेटांचे क्रमांक आणि गुप्तलेखन सांभाळणाऱ्या, थरावर एक प्रश्न दिला. या थरात प्रत्येक पॅकेटला १२ किंवा १८ बिटांचा क्रमांक असतो. १८ बिटांचा असेल तर तो २,६२,१४३ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण मोजणी ३२ बिटांची असते, पण तिचा वरचा भाग हवेतून पाठवलाच जात नाही, दोन्ही बाजू तो आपापल्या ठिकाणी मोजत राहतात. म्हणून आलेले पॅकेट चालू फेरीतले, मागच्या फेरीतले की पुढच्या फेरीतले हे घेणाऱ्याने ठरवावे लागते. हा निर्णय चुकला तर डेटा उलगडताना कचरा हाती येतो, कारण गुप्तलेखनात तीच ३२ बिटांची मोजणी वापरलेली असते. ३८.३२३ या पीडीसीपीच्या स्पेसिफिकेशनमध्ये हा नियम दोन अटींत दिला आहे आणि मला तो तोंडी सांगता आला. खिडकीचा (एका वेळी ग्राह्य धरायच्या क्रमांकांच्या पट्ट्याचा) आकार क्रमांकांच्या एकूण संख्येच्या निम्मा का असतो हेही सांगितले. मग समोरच्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले की, आता लिहा. चिन्हासह आणि चिन्हाविना पूर्णांकांच्या वजाबाकीत माझा गोंधळ झाला, आणि शून्याजवळच्या क्रमांकावर माझे उत्तर चुकले. त्यांनी फार सौजन्याने सांगितले की तुमचे प्रोटोकॉलचे ज्ञान आमच्या काही डेव्हलपरांपेक्षा चांगले आहे, पण आम्हाला सहा महिने थांबता येणार नाही. ते वाक्य मी वर्गाच्या चालकांना जसेच्या तसे कळवले आहे. चार रविवारांचे दहा करावेत आणि कोअरच्या कार्यपद्धतीवरचे शेवटचे पाच रविवार कमी करावेत अशी सूचनाही केली आहे, कारण ते शेवटचे पाच बरेचसे पुनरुक्तीचे होते.

नोकरी मिळवून देण्याच्या आश्वासनाबद्दल मला कठोरपणे लिहावे लागेल. प्रवेशाच्या वेळी ‘मुलाखतींची हमी’ असे सांगितले गेले. प्रत्यक्षात दोन मुलाखती आल्या, दोन्ही टेस्टिंगच्या होत्या आणि एकीचे वेतन माझ्या तेव्हाच्या वेतनापेक्षा कमी होते. याहून गंभीर गोष्ट अशी की, बायोडाटा तयार करून देणाऱ्या कर्मचाऱ्याने मला ऑप्टिमायझेशनची चार वर्षे ‘फाइव्ह-जी प्रोटोकॉल डेव्हलपमेंट’ म्हणून दाखवण्याचा सल्ला दिला. मी नकार दिला. सरांना हे सांगितले तेव्हा ते मनापासून अस्वस्थ झाले, पण तो विभाग त्यांच्या हाती नाही. खोटा अनुभव पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो, आणि आपल्या क्षेत्रात माणसे एकमेकांना ओळखतात. त्यापेक्षा ‘अकरा वर्षे नेटवर्क प्रत्यक्ष चालवले, आता त्याचे सॉफ्टवेअर शिकते आहे’ हे खरे वाक्य मला तिसऱ्या मुलाखतीत जास्त उपयोगी पडले. ती मुलाखत मी स्वतः शोधलेली होती. आता मी नवी मुंबईत एका कंपनीत प्रोटोकॉल टेस्टिंगमध्ये आहे. बेस स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की तो कोणत्या स्थितीत, कोणत्या संदेशानंतर आणि स्पेसिफिकेशनच्या कोणत्या कलमाविरुद्ध घडतो हे लिहून देणे हे माझे काम. डेव्हलपमेंटचे दार येथून दिसते. दोषासोबत दुरुस्तीचा कोडही सुचवायला माझ्या वरिष्ठांनी मला सांगितले आहे, आणि तेवढ्यासाठी मी रोज संध्याकाळी एक तास सी प्लस प्लसला देते.

मुंबईत राहून हे करिअर किती पुढे नेता येईल, हा प्रश्न वर्गात प्रत्येक चहाच्या सुट्टीत निघत असे. रेडिओ आणि कोअरच्या डेव्हलपमेंटचे बहुतेक काम बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम आणि पुण्यात आहे हे मान्य करायला हवे. पण आपल्या बाजूलाही काहीच नाही असे नाही. देशी फाइव्ह-जी टेस्टबेड (चाचणीची यंत्रणा) उभारणाऱ्या आठ संस्थांत पवईची आयआयटी आणि समीर ही सरकारी मायक्रोवेव्ह संशोधन संस्था या दोन्ही होत्या. घणसोलीला जिओचे मोठे केंद्र आहे. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले, त्यात कोअर सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा, रेडिओ तेजस नेटवर्क्स या कंपनीचा आणि जुळणी टीसीएसची. पूर्ण नेटवर्क देशात लिहिले जाऊ शकते हे त्यामुळे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले, आणि असे नेटवर्क लिहिणाऱ्यांना ते रस्त्यावर कसे वागते हे ठाऊक असलेली माणसे लागणार. घरी आईवडील असल्यामुळे मी मुंबई सोडली नाही. माझ्या वर्गातले दोघे बंगळुरूला गेले, आणि त्यांची प्रगती माझ्यापेक्षा वेगाने होईल असे मला वाटते. वर्गाने हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यापुढे ठेवायला हवा, तो ठेवला जात नाही.

सोयींविषयी थोडक्यात. खोली लहान पण वातानुकूलित आहे, स्टेशनपासून पायी सात मिनिटांवर. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी परतीच्या वेळी रविवारचा मेगाब्लॉक गृहीत धरावा. मुलुंडला पोहोचायला मला कित्येकदा दीड तास लागला. चुकलेल्या तासांचे ध्वनिचित्रमुद्रण मिळत नाही, त्यामुळे रात्रपाळी करून आलेल्या ड्राइव्ह टेस्टच्या (गाडीतून नेटवर्क मोजणाऱ्या) मुलांचे फार नुकसान होते. वर्गात सर्वांत जास्त कष्ट तीच मुले घेत होती, आणि याबाबत चालकांनी लवकर काही करावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. शंका विचारण्यासाठी सर आठवड्यातून एकदा रात्री तासभर फोनवर उपलब्ध असतात आणि ते खरोखर फोन उचलतात.

पाच वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या आरएफ किंवा कोअर ऑपरेशन्सच्या अभियंत्याला मी हा वर्ग सुचवीन, मात्र आधी सहा महिने स्वतः सी प्लस प्लसचा सराव करून मग जावे असे सांगेन. नुकत्याच पदवी घेतलेल्यांनी एवढे पैसे भरू नयेत. त्यांचा प्रोग्रामिंगचा हात ताजा असतो, ओपन-फाइव्ह-जीएसचा स्रोत घरी वाचून ते बरेच पुढे जाऊ शकतात, आणि ज्या जुन्या केसेसवर वर्गाचा सर्वोत्तम भाग उभा आहे त्या त्यांच्यापाशी अजून नसतात. प्रवेश घेण्यापूर्वी एका रविवारी वर्गात बसून पाहण्याची मुभा मिळते. ती जरूर घ्यावी, आणि आधी फोन करून एएसएन-वनचा रविवार कोणता ते विचारून त्याच दिवशी जावे.